पैदाशीची टाकी

आम्ही बहीणभाऊ गळाला लावायचे समुद्री किडे वाढवायचो. शेडमध्ये वाळूच्या टाक्या, त्यांत सतत फिरणारं खारं पाणी. सगळ्यात आतली टाकी पैदाशीची. तिच्यातले किडे गेले की पुढची पिढी नाही, म्हणजे धंदाच नाही. आणि नेमकी तिथेच फीत शिरली होती.

फीत हाही एक समुद्री किडाच. तांबूस, वीतभर, दोऱ्याएवढा बारीक. दिसायला गरीब गाय. पण वाळूत आमचा किडा गाठला की चिकट सोंड फेकते, त्याला गुंडाळते आणि गिळते. ती मारायची तर अख्खी उचलून गोड्या पाण्यात टाकायची. तोडायची मात्र नाही, कारण या जातीच्या प्रत्येक तुकड्यातून नवी फीत तयार होते. धाकट्याला हे पटेना, म्हणून मीच वाडग्यात एक कापून दाखवली होती. एकीच्या तीन झाल्या तेव्हा तो पोट धरून हसला होता.

दिसेल ती फीत आम्ही अख्खीच उचलायचो, तरी फिती वाढतच गेल्या. मी गाळण्या बदलल्या, पंपाला शिव्या घातल्या. धाकटा शेजारी उभा राहून हळहळत होता.

त्या दुपारी बंदरावर गिऱ्हाईक आलंच नाही, म्हणून मी लवकर परतले. धाकटा पैदाशीच्या टाकीवर वाकून कात्रीने फिती कापत होता आणि तुकडे वाळूवर पेरत होता. भाजी चिरावी इतका निवांत. कुंपणानेच शेत खाल्लं तर राखण कोणाची ठेवायची?

"काय चाललंय हे?"

कात्री पाण्यात पडली.

"ताई, मला जहाजावर नोकरी लागलीय. मला नाही गं करायचं हे."

"मग जायचं होतंस! कोणी दावणीला बांधलं होतं तुला?"

"तू जाऊ दिलं नसतंस."

"विचारलंस कधी?"

मी वाळूत कोपरापर्यंत हात घातला, तळापासून चाळली. हाताला आमचा एकही किडा लागला नाही. इतका संताप आला की त्याचं तोंडही बघवेना.

"धंदा आपोआप बुडाला असता," तो पुटपुटला, "तर तू माझ्यावर रागावली नसतीस."

तेही खरंच. आदल्याच दिवशी मी त्याला जवळ घेऊन म्हटलं होतं, "रडू नकोस रे, तुझा काय दोष?"