ताडपत्रीचा मोजा

लोय्झेचं विमान धावपट्टीशेजारच्या द्राक्षमळ्यात उलटं पडलं, लोय्झे हात मोडून बाहेर आला आणि पुढे काहीच झालं नाही. म्हणजे, फ्लाइंग क्लबात तसं ठरलं होतं. रविवारी सगळे नेहमीसारखे ओसरीवर बसून कोबीचं सूप ओरपत होते आणि समोर वेलींतून वर आलेल्या चाकांकडे कुणी बघत नव्हतं.

"यंदा वेली जोरात आहेत," क्लबाची चिटणीस झोरा म्हणाली.

राडोनं चमचा बाजूला ठेवला. रेडिओवरून वैमानिकांना वारा सांगायचं काम त्याचं. त्या दुपारी लोय्झेनं वरून विचारलं होतं, "काय रे, वारा कसाय?" राडोनं खिडकीतून खांबावरच्या मोज्याकडे पाहिलं. वारा असला की हा लांबोळका कापडी मोजा फुगून आडवा होतो. तो मेल्यासारखा लोंबत होता.

"वाराच नाही. ये निवांत," राडो म्हणाला.

मोजा लोंबणारच. या खोऱ्यात हिवाळ्यात डोंगरावरून बुर्या नावाचा सोसाट्याचा वारा उतरतो. लोक कौलांवर धोंडे ठेवून राहतात. दरवर्षी बुर्या क्लबाचा मोजा फाडून न्यायचा. शेवटी इरेला पेटून राडोनं ट्रकच्या ताडपत्रीचा मोजा शिवला. तो बुर्याला पुरून उरला. क्लबानं टाळ्या वाजवल्या, झोरानं गालाचा मुका घेतला. साध्या वाऱ्याला तो हलतही नाही, हे कौतुकाच्या गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्या दुपारी साधाच वारा होता, पण धावपट्टीला आडवा. चाकं टेकली, वाऱ्यानं एका बाजूचा पंख उचलला आणि विमान मळ्यात.

राडो सूप तसंच टाकून लोय्झेच्या घरी गेला.

"लोय्झे, चूक माझी. वारा होता."

"असू दे रे."

"असू दे काय! मोजा ताडपत्रीचा, तो कसला हलतोय!"

"मला विमान बाजूला सरकताना जाणवत होतं. पण तू म्हणालास वारा नाही, मोजाही लोंबलेला. म्हटलं, विमान नाही, माझं डोकंच सरकलंय." लोय्झेनं प्लास्टरमधला हात मांडीवर नीट ठेवला. "उद्या परवाना परत करतोय. झालं एवढं उडणं पुरे."

"अरे, पण तुझंच बरोबर होतं!"

लोय्झेचे डोळे भरून आले. "किती चांगला आहेस रे तू. माझ्यासाठी खोटं बोलतोयस." मग आत हाक मारली, "अगं, राडोला वाईन दे! मोठ्या ग्लासात!"

वाईन राडोला प्यावी लागली. तो तडक क्लबात आला.

"झोरा, तो मोजा उतरव. आणि लोय्झेला सांग, दोष माझा."

"वेडा झालास? आख्ख्या खोऱ्यात असा मोजा नाही. फारच टोचत असेल तर कार्यकारिणीला लिहून दे."

राडोनं तिथेच बसून लिहिलं:

'मा. कार्यकारिणी यांस, सदर अपघातास अर्जदार एकटा जबाबदार असून त्यास दोषी धरण्यात यावे. श्री. लोय्झे यांचे डोके जागेवर असल्याचे त्यांना क्लबाच्या शिक्क्यानिशी उद्या सकाळपूर्वी कळवावे. तसेच त्या दुपारी वारा होता, हे मान्य करण्यात यावे, ही नम्र विनंती.'