विहीणबाईंची गुटी

विहीणबाईंनी पेटी दिली आणि सुप्रभाताईंच्या डोक्याचा पार भुगा झाला.

सुप्रभाताई बाळंतपणासाठी पुण्याहून लंडनच्या पिनर भागात आल्या होत्या, मुलगा अंबरीश आणि सून यीवेनकडे. यीवेनची आई, मिसेस तान, लंडनच्याच दुसऱ्या टोकाला क्रॉयडनला राहायच्या. दोघी विहिणींचं इंग्रजी तोडकंमोडकं, आणि तेही वेगवेगळ्या ठिकाणी मोडलेलं. त्यामुळे प्रेम भरपूर, पण संभाषण शून्य.

मिसेस तान आल्या तेव्हा यीवेन बाळाला घेऊन वर झोपली होती. त्यांनी पेटी स्वयंपाकघरातच उघडली. आत मधोमध खोलगट असलेला एक काळा दगड. बोटाएवढी काळीकुट्ट कांडी, तिच्यावर सोनेरी चिनी अक्षरं, आणि वास थेट कापराचा. शिवाय मऊ केसांचा एक ब्रश आणि पातळ कागदांची घडी. त्यांनी कांडी दगडावर गोल गोल फिरवून दाखवली, जिन्याकडे बोट केलं, मग सुप्रभाताईंकडे. "फॉर बेबी. ग्रँडमा डू. लिटल वॉटर. स्लो, स्लो." मग ब्रश हवेत नाचवला.

"येस, येस," सुप्रभाताई म्हणाल्या. काही कळलं नाही की माणूस दोनदा येस म्हणतो.

मुलाला विचारायची सोय नव्हती. विचारलं की "आई, अगं एवढंही माहीत नाही?" हे ठरलेलं. दोन दिवस त्या कांडीचा वास घेत बसल्या. आणि भाजी चिरता चिरता एकदम उजेड पडला. दगड म्हणजे सहाण. कांडी उगाळायची. बाळासाठी, आजीनं, थोड्या पाण्यात. अहो, ही तर बाळगुटी! ब्रश जिभेवर थेंब सोडायला, कागद तोंड पुसायला. काळ्या दगडावरची रेघ!

आनंदानं त्यांना भरूनच आलं. त्यांनी पुण्याहून आणलेल्या गुटीला फार्मसिस्ट सुनेनं साफ नकार दिला होता. "सहा महिने फक्त दूध, आई." आणि आता खुद्द तिचीच आई गुटी देते! आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन.

शुक्रवारी अंबरीश आणि यीवेन बाळाचं नाव नोंदवायला कौन्सिलच्या ऑफिसात निघाले. कुश हे नाव ठरलं होतं. पहिल्यांदाच बाळ एकट्या सुप्रभाताईंच्या हाती राहणार होतं. यीवेन दारातून तीनदा मागे आली. ती आपल्यावर बाळ सोपवते की नाही, याच एका गोष्टीसाठी सुप्रभाताईंचा जीव सव्वा महिना टांगणीला लागला होता.

दार बंद झाल्यावर त्यांनी कांडी उगाळायला घेतली. पाण्यात कशाला, म्हणून दुधात. गुटी कशी पिवळट दिसते, पण ही एका वेढ्यातच राखाडी झाली, दुसऱ्यात काळी, आणि मग बघवेना. त्या बुचकळ्यात पडल्या. तिकडचा हिरडा काळा असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि ब्रशानं एक थेंब बाळाच्या जिभेवर सोडला. कुशनं तोंड वाकडं केलं, मग मिटक्या मारल्या.

दोघं परतले तेव्हा कुशचे ओठ काळे होते आणि आजी प्रसन्न होत्या.

"आई! व्हॉट इज दॅट?" यीवेन किंचाळली. तिनं बाळाला हिसकावूनच घेतलं. मग तिची नजर दगडावर गेली. "इट्स इंक!"

"अगं आई, ही शाई आहे," अंबरीश म्हणाला.

"शाई अशी घट्ट कुठे असते? शाई बाटलीत असते!"

अंबरीशनं १११ला, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य सल्ल्याच्या नंबरला, फोन लावला. शाई का दिली, दुधात का दिली, ब्रशानं का दिली, हे पलीकडच्या बाईंना सांगताना त्याचे कान लाल झाले. एका थेंबानं काही व्हायचं नाही, लक्ष ठेवा, असं त्या म्हणाल्या. यीवेन मात्र बाळाला छातीशी धरून पाठमोरी उभी राहिली. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं. आता ही बाळाला आपल्या वाऱ्यालाही उभं करणार नाही, या विचारानं सुप्रभाताईंना रडू फुटलं.

यीवेननं आईला फोन लावून स्पीकरवर टाकला. चिनीत फाडफाड बोलणं झालं. सुप्रभाताई पदराचं टोक पिळत शिक्षेची वाट पाहत होत्या. पलीकडे विहीणबाई अशा हसल्या की फोन कर्कश वाजायला लागला.

"ती म्हणते," यीवेन नाइलाजानं इंग्रजीत म्हणाली, "आमच्यात शिकलेल्या माणसाच्या पोटात शाई आहे असं म्हणतात. कुशनं सुरुवात केली. ही पेटी नाव लिहायला दिली होती. त्याचं नाव पहिल्यांदा तुम्ही लिहायचं, तुमच्या अक्षरात."

सुप्रभाताईंनी कपाळावर हात मारला. एवढा मान, आणि आपण तो दुधात उगाळला.

यीवेननं दगड धुतला, पाण्याचे थेंब घातले, बाळाला एका हातावर घेऊन कांडी घासायला लागली. ती क्रॉयडनमध्ये वाढलेली, तिनं आयुष्यात कधी काही उगाळलं नव्हतं. कांडी करकरायला लागली.

"अगं, दाबू नकोस! हळू, गोल!" सुप्रभाताईंच्या तोंडून गेलं आणि त्यांनी जीभ चावली.

यीवेननं त्यांच्याकडे पाहिलं. मग कुशला त्यांच्या खांद्यावर दिलं आणि कांडी त्यांच्या हातात. "शो मी."

एका हातानं नातू धरून, दुसऱ्यानं त्या उगाळायला लागल्या. दगड सरकू नये म्हणून यीवेननं तो दोन्ही हातांनी धरला. शाई दाट झाली. पहिला 'कु' कागदावर फुटून त्याचा नुसता डाग झाला, दुसराही झाला. सुप्रभाताई लिहीत राहिल्या. यीवेननं बाळ परत मागितलं नाही.