दोन बोलांचा नावाडी

“नदीला पाणी चढलंय. आज जाऊ नकोस.”

मी ऐकलेला पहिला आवाज हा. बाईचा, जरा घोगरा, सर्दी धरल्यासारखा. ती एकेक अक्षर टंकत होती आणि टंकता टंकता मोठ्यानं म्हणून बघत होती. म्हणायची, मान हलवायची, पुसायची, पुन्हा म्हणायची. शेवटी एकदा तिची मान हलायची थांबली, आणि मी जन्माला आलो.

मित्रांनो, मी एक जुना नावाडी आहे. पण माझी होडी कधी पाण्यात उतरली नाही, आणि माझ्या वल्ह्याला कधी ओल लागली नाही. मी व्हिडिओ गेममधला नावाडी आहे. तलवारी, मंत्र, किल्ले आणि किल्ल्यात ड्रॅगन असलेल्या एका जपानी खेळात, पहिल्याच गावाच्या काठावर मी उभा असतो. मूठभर ठिपक्यांचा माझा देह. तोही माझ्या एकट्याचा नाही. माझाच देह राखाडी रंगवून पुढच्या गावात सराईचा मालक केला आहे, आणि हिरवा रंगवून औषधवाला. रंग सोडला तर माझं स्वतःचं म्हणावं असं काय, तर माझे दोन बोल.

ते दोन बोल मला चिगुसा-सानमुळे मिळाले. घोगऱ्या आवाजाची ती हीच; ‘सान’ म्हणजे तुमचं ‘जी’. त्या काळी खेळ यंत्रात खोचायच्या प्लास्टिकच्या डबीत यायचा, आणि तिच्यात जागा इतकी थोडी, की एक अक्षर वाढवायचं तर दुसरं कुठूनतरी कापावं लागे. तिचे वरिष्ठ कुवाबारा-सान तिच्या खुर्चीमागे येऊन ओरडले होते, ते मला अजून ऐकू येतं.

“नावाड्याला दोन बोल? अहो, राजाला तीनच आहेत!”

“मग राजाचा एक कापा,” चिगुसा-सान म्हणाली. “राजे नाहीतरी जास्तच बोलतात.”

“आणि हे काय? नावाडी वीराचं नाव घेणार? राजाशिवाय कुणाला नाव घ्यायला लावायचं नाही, असं ठरलंय ना आपलं!”

“हा घेणार,” एवढंच ती म्हणाली.

तर असं, माझ्या बोलाच्या सुरुवातीला तिनं एक रिकामी जागा ठेवली. खेळणारं मूल आपल्या वीराला जे नाव देईल, ते त्या जागी येऊन बसतं. मी नाव घेऊन सांगतो, पाणी चढलंय, आज जाऊ नकोस. हा माझा पहिला बोल. दुसरा मात्र ड्रॅगन मेल्याशिवाय तोंडातून काढायचा नाही, असा मला नियम घालून दिला. ड्रॅगन मरावा, मग वीरानं राजवाड्यात जाण्याआधी माझ्या काठावर यावं आणि मला विचारावं, तेव्हाच तो सुटतो. तो काय आहे, ते आत्ता सांगत नाही. सांगता येत असतं तर माझा जन्म असा कुढण्यात गेला नसता.

आता मला सांगा, ड्रॅगनला मारून आलेला वीर पहिल्या गावातल्या म्हाताऱ्याकडे कशाला येतोय! घरी पोचवणारा मंत्र असतो. बटण दाबलं की भुर्रकन राजवाड्यात. तिथे तुताऱ्या, राजकन्या आणि खेळ बनवणाऱ्यांची सरसर वर जाणारी नावं. चिगुसा-सानचं नावही त्यात असतं, पण ते वाचतो कोण.

त्यात माझी होडी सुटत नाही. मग मुलं उत्तरेच्या घाटानं वळसा घालून जातात आणि जाता जाता मला शिव्या देतात. खेळाची माहिती देणारं पुस्तक निघालं, त्यात माझ्या चित्रासमोर छापलं होतं, ‘याचा काही उपयोग नाही.’ राग कसा आला असेल मला! उभं राहून राहून मी मनातल्या मनात एक गाणं जुळवलं होतं:

नदी माझी निळी निळी, पाणी हलेना डुलेना,
होडी बांधली काठाला, दोर कुणी गं सोडीना.
ओठामागं माझा बोल, जसा पिंजऱ्यात रावा,
दार उघडाया त्याचं, कुणी एकदा तं यावा.

हे गाणं तरी कुणाला ऐकवणार?

माझी डबी साकाता गावी विकली गेली. समुद्रकाठचं गाव, वाऱ्याचं. घर गेन्झो-सानचं. ते मासळीबाजारात लिलाव पुकारायचे. बाजारात अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल असा आवाज, आणि घरात पाऊल टाकलं की मुके. त्यांची मुलगी सुमिरे तेव्हा प्राथमिक शाळेत होती. तिनं डबीच्या पाठीवर जाड पेनानं आपलं नाव लिहिलं, तोंडाची हवा आत फुंकली आणि मला जागं केलं. वीराला तिनं स्वतःचंच नाव दिलं. पडद्याच्या काचेतून मला तिचे पडलेले पुढचे दात दिसत होते.

“सुमिरे, नदीला पाणी चढलंय. आज जाऊ नकोस,” मी म्हणालो.

तिनं माझ्या नदीकडे पाहिलं. “कुठे चढलंय? नदी तर गप्प पडलीय. खोटारडा म्हातारा!”

स्वयंपाकघरातून तिची आई, याएको-सान, म्हणाली, “कुणाला गं खोटारडा म्हणतेस?”

“नावाड्याला. चित्र काढणारे चुकलेत बहुतेक.”

चित्र काढणारे चुकले नव्हते, मित्रांनो. पण मला कुठे बोलता येत होतं!

पुढे एक गंमत सुरू झाली. लिलाव पहाटेचे, त्यामुळे गेन्झो-सान दुपारी घरी असत आणि सुमिरे शाळेत. जेवण झालं की ते टीव्हीसमोर मांडी घालायचे, डबीच्या तळाच्या धातूच्या दातऱ्या कापसानं पुसायचे आणि सुमिरेच्या वीराला माझ्या काठावर आणून चिखलाचे लिबलिबीत गोळे मारत बसायचे. असे गोळे मारले की वीराचं बळ तीळतीळ वाढतं. कंटाळवाणं काम. त्यांच्या गावात कितीतरी बाप आपल्या मुलांसाठी ते करायचे, पण कबूल कुणी करायचं नाही. खेळ बंद करताना त्यांचा एक अंगठा ‘रीसेट’वर घट्ट आणि दुसऱ्या हाताचं बोट खटक्यावर. तसं नाही केलं तर डबीत साठवलेलं सगळं पुसलं जाण्याची भीती. मूल झोपवून अंगाखालचा हात काढून घ्यावा, तसा तो अंगठा ते काढायचे.

संध्याकाळी सुमिरे विचारायची, “बाबा, माझा वीर कुणी वाढवला?”

“आपोआप वाढला असेल.”

“असं आपोआप वाढतं होय?”

“भात नाही वाढत?” म्हणायचे, आणि वर्तमानपत्राआड जायचे.

अशी सुमिरे वाढली आणि तिचा वीरही वाढला. किल्ल्याच्या दारापर्यंत पोचला. मला वाटलं, आला आपला दिवस! पण एक दिवस काचेपलीकडे पाहतो तो दाराशी मोठी बॅग. सुमिरे टोकियोला निघाली होती, दातांच्या कवळ्या बनवण्याचं शिकायला. गेन्झो-सान हातात खेळाचं यंत्र धरून बसले होते.

“बाबा, ड्रॅगनला मारू नका हां. तो माझा आहे. मी आले की मारेन.”

“हं.”

“निघते मी.”

त्यावर ते खिडकीकडे बघत म्हणाले, “वारा सुटलाय. आज गाड्या बंद असतील.”

वाऱ्यानं गाड्या बंद पडणं त्या गावाला काही नवं नाही. पण सुमिरेनं खिडकी उघडली. बाहेर वाळत घातलेले मासे नुसते लटकत होते. “कुठे आहे वारा?”

“समुद्राकडे असेल.”

तिनं स्टेशनवर फोन केला. गाड्या चालू होत्या. ती गेली.

आणि मित्रांनो, माझ्या खऱ्या छळाला तिथून सुरुवात झाली. गेन्झो-सान रोज दुपारी यायचेच. दिलेल्या शब्दाला जागून किल्ल्याकडे फिरकायचे नाहीत. गोळे मारून मारून वीराचं बळ इतकं झालं, की त्यापुढे वाढायला आकडाच उरला नाही. ड्रॅगनला एक फटका पुरला असता! आणि हा माणूस काय करायचा? वीराला माझ्यासमोर उभं करायचा आणि बटण दाबायचा.

“सुमिरे, नदीला पाणी चढलंय. आज जाऊ नकोस.”

पुन्हा बटण.

“सुमिरे, नदीला पाणी चढलंय. आज जाऊ नकोस.”

पुन्हा! मला वाटायचं, हातातलं वल्हं काचेवर फेकून मारावं. अरे बाबा, ठाऊक आहे ना तुला मी काय म्हणणार ते? मग जा की किल्ल्यात! मार त्याला, आणि ये परत! माझ्याकडे दुसरा बोल आहे रे!

याएको-सान केर काढता काढता टोमणा मारायच्या. “आजही तोच नावाडी? त्या म्हाताऱ्याशी तुमचं लग्न लावून देते, म्हणजे सुटले मी.”

“हं,” गेन्झो-सान म्हणायचे, आणि बटण दाबायचे.

सुमिरे नववर्षाला यायची, चिकट भात कुटून केलेले मोची खायची, आपल्या फोनवर हसायची. टीव्हीखाली मी डबीत अंधारात पडलेला. तिला ड्रॅगनची आठवण नसायची, आणि हा माणूस आठवण करून द्यायचा नाही. दोघांच्या मुकेपणात माझा घसा सुकून गेला. गेन्झो-सानचे केस पिकले. बाजार सुटला. चष्मा जाड झाला. नव्या झकास यंत्रांच्या जाहिराती टीव्हीवर येऊन गेल्या, आणि मी आपला उभाच.

मग माझं मलाच काहीतरी होऊ लागलं. डबीच्या पोटात बटणाएवढी एक बॅटरी असते. वीराची सगळी आठवण तिच्या जिवावर. ती थकली होती. कधी नदीचं निळं पाणी क्षणभर काळं पडायचं. एका दुपारी गेन्झो-सान पाहतात, तर सुमिरेच्या मामेभावानं लहानपणी याच डबीत साठवलेला त्याचा खेळ कोरा. ते डबी घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, “बॅटरी बदलतो की आजोबा, दोन मिनिटांचं काम. पण आतलं सगळं जाईल. आणि नाही बदलली तर आपोआप जाईल, आज नाही तर उद्या.”

म्हणजे सुमिरेचा वीर जाणार. आणि माझा दुसरा बोल, जो आजवर कुणी ऐकला नाही, तो ओठांमागेच राहणार. मी तेव्हा किती कासावीस झालो, काय सांगू! चिखलाच्या गोळ्यांनो, तुम्ही तरी हाक मारा रे त्या पोरीला!

घरी आल्यावर गेन्झो-साननी फोन उचलला. डबीच्या अंधारातही मला ऐकू येतं, तसं हेही ऐकू आलं.

“ड्रॅगन मारायला ये.”

पलीकडून हसू. “बाबा, चाळिशी आली माझी!”

“बॅटरी जातेय,” ते म्हणाले.

“ओबोनला येते,” सुमिरे म्हणाली. ओबोनला, पितरांच्या उन्हाळी सणाला, सगळेच घरी येतात, गेलेलेसुद्धा.

मित्रांनो, पुढचं सांगण्याआधी एक मागणं मागून घेतो, कारण नंतर मला बोलायला जमायचं नाही. आता नवी बॅटरी बसेल, सगळं कोरं होईल आणि मी पुन्हा पहिलाच बोल बोलायला लागेन. तुमच्याही वाटेवर असे एकाच बोलाचे वाटणारे लोक उभे असतील. रोज तेच विचारणारे, रोज तेच सांगणारे. त्यांना निकामी म्हणून पुढे जाऊ नका. जग जिंकून आलात तरी उडत घरी जाऊ नका. पायी परत या, आणि पुन्हा एकदा विचारा. आणि हो, डबीची बॅटरी वेळेत बघत जा. नंतर बघू म्हणून ठेवू नका.

तर ओबोनची दुपार. पंख्यासमोर सुमिरे, शेजारी गेन्झो-सान, मागे कलिंगड कापत याएको-सान. सुमिरेच्या कपाळावरचे दोन केस पांढरे. पण डबीत हवा फुंकताना तिचे गाल तसेच फुगले.

“बाबा! एवढं बळ? हे काय केलंत!”

“आपोआप वाढला.”

“भातासारखा?” ती हसली. किल्ल्यात गेली, एक फटका मारला, ड्रॅगन कोसळला. “एवढंच? याच्यासाठी मला बोलावलंत?” घरी पोचवणाऱ्या मंत्रावर तिचं बोट गेलं. नदीचं पाणी एकदा काळं पडलं.

“उडू नकोस,” गेन्झो-सान म्हणाले. “चालत जा.”

“कशाला?”

“नावाड्याला सांगून जा. रोज विचारायचा तुला.”

“मला कुठे? आई म्हणते, तुम्हीच त्याला रोज...” ती बोलता बोलता थांबली. वडिलांकडे बघितलं. मग वीराला घाट उतरवून, गावं ओलांडून, पायी पायी माझ्या काठावर आणलं. माझ्यासमोर उभं केलं आणि बटण दाबलं.

ओठांमागचं दार उघडलं, मित्रांनो.

गेन्झो-साननी चष्मा पुसला, तरी त्यांना दिसेना. “काय म्हणतोय गं?”

सुमिरेनं मोठ्यानं वाचलं. “सुमिरे, आलीस? त्या दिवशी पाणी चढलं नव्हतं. तू जाऊ नयेस असं वाटत होतं, म्हणून तसं म्हणालो.”

कलिंगडावरची सुरी थांबली.

“बघा!” सुमिरे म्हणाली. तिचा आवाज जरा घोगरा झाला होता, सर्दी धरल्यासारखा. “मी तेव्हाच म्हटलं होतं, खोटारडा आहे म्हातारा.”

पंखा या तोंडाकडून त्या तोंडाकडे फिरत राहिला. गेन्झो-साननी माझ्या नदीकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग तिच्याकडे.

“सुमिरे,” ते म्हणाले, “त्या दिवशी वाराही नव्हता.”