तीन आडव्या रेघा

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या कपाटात, सगळ्यांत खालच्या कप्प्यात, तडा गेलेल्या काचनळ्यांच्या शेजारी मी, एक जुनी प्रयोगवही, पडून आहे. माझ्या पानांवर छापील क्रमांक आहेत आणि शिलाई पक्की आहे. एकही पान गुपचूप काढता येऊ नये, म्हणून मला तसे बांधले होते.

माझ्यात लिहिणारी ताई नवीनच लागली होती. आमच्याकडे एक रिवाज होता. चुकलेली नोंद पुसायची नाही. तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, शेजारी कारण लिहायचे आणि सही करायची. खालचे अक्षर वाचता आले पाहिजे. ताई हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळायची.

काम होते डोळ्यांतला दाब उतरवणाऱ्या नव्या थेंबांचे. बारा रुग्णांना ते दिले. नऊ जणांचा दाब उतरला. तिघांचा उलट चढला.

"त्या तिघांनी थेंब नीट घातलेच नसणार," प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, म्हणाले. "निम्मे गालावर ओघळले असतील. मार रेघ."

"एकदा विचारून येऊ का त्यांना?"

"विचारल्यावर कोण कबूल करतं? लेख पाठवायचाय आपल्याला."

ताईने तीन रेघा मारल्या. कारण लिहिले, 'थेंब नीट घातले नसावेत.' ते 'नसावेत' मला आजही टोचते.

लेख छापून आला. नऊपैकी नऊ जणांना गुण! बारा हा आकडा त्यात कुठेच नव्हता. पाहुणे आले की सर मला कौतुकाने दाखवत. मग दुसऱ्या एका प्रयोगशाळेचे पत्र आले. त्यांनी चाळीस जणांना तेच थेंब देऊन पाहिले होते आणि काहीच फरक पडला नव्हता.

"त्यांचा हात बसला नाही अजून," असे म्हणत सरांनी ते पत्र माझ्या पानांत खुपसले.

लेखाच्या जोरावर थेंब दुकानांत आले. ताईला लहानाची मोठी करणाऱ्या मावशीच्या डोळ्यांतही दाब होता. ताई मला पिशवीतून घरी न्यायची, तेव्हा मी ऐकले.

"मावशी, डॉक्टरांना एकदा विचार ना."

"कशाला? ते जुनं औषध झोंबतं मेलं. आणि आमची पोर छापून आली, तिचं सोडून परक्याचं घालू? घाल तूच. माझा नेम चुकतो, सगळं नाकात जातं."

ताई सकाळ-संध्याकाळ स्वतः थेंब घालू लागली. चार महिन्यांनी मावशीला उजव्या डोळ्याने दाराची चौकट दिसेनाशी झाली. दाब चढला आहे आणि ती नजर परत येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईने मला उघडले. तिन्ही रेघांखालचे आकडे स्वच्छ वाचता येत होते. त्यांच्याखाली तिने तेरावी ओळ लिहिली. 'मावशी. दाब चढला. उजवा डोळा गेला. थेंब नीट घातले होते. मी घातले होते.' मग सही केली.

तिने लेख छापणाऱ्या मासिकाला चूक कळवली. ती शेवटच्या पानावर चार ओळींत छापली गेली. मूळ लेखाचे दाखले मात्र लोक अजून देतात. ताई आता इथे येत नाही.

मित्रांनो, 'नऊपैकी नऊ' असे कुठे वाचाल, तेव्हा सुरुवातीला किती जण होते ते विचारा. दुसऱ्या कोणी तेच करून पाहिले का, तेही विचारा. आणि जमल्यास माझ्यासारखी वही उघडायला सांगा. मला वाळवी लागली आहे. ती अजून त्या तीन रेघांच्या पानापर्यंत पोचलेली नाही.