देशभक्तीचा दाखला

थेरगावात घरकामं करणाऱ्या जाईबाईंच्या एका खोलीच्या घरात दर शुक्रवारी संध्याकाळी ख्रिस्ती प्रार्थना व्हायची. दहा-बारा बायामाणसं, एक ढोलकी, आजाऱ्यांसाठी देवाकडे मागणं, मग कोरा चहा. एवढंच! पण जानेवारीतल्या एका शुक्रवारी वीस-पंचवीस जण घोषणा देत दारात आले. त्यांनी ढोलकी फोडली आणि ‘ही बाई लालूच दाखवून धर्म बदलायला लावते’ अशी तक्रार पोलिसांत दिली.

दुसऱ्या दिवशी ही बातमी चाकणच्या कंपनीत पोचली आणि अविनाश ओहोळला सगळे वेगळ्याच नजरेने बघू लागले. अविनाश क्वालिटी विभागात, मूळचा नगरकडचा, आता थेरगावात जाईबाईंच्या शेजारी राहणारा, आजोबांपासून ख्रिस्ती. नऊ वर्षं त्याच्या डब्यातली भाजी खाणारा ओंकार जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "राव, खरं सांग. तू आधी भारतीय का आधी ख्रिश्चन?"

अविनाशने डबा मिटला. ओंकारला असा प्रश्न जन्मात कुणी विचारला नव्हता.

चार दिवसांनी ओंकारच एक कागद घेऊन आला. त्यावर लिहिलं होतं : ‘आम्ही राष्ट्रप्रेमी ख्रिस्ती. जाईबाई लोकांना लालूच दाखवतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.’

"सही कर, भावा. मग तुझ्याकडं कुणी बोट दाखवणार नाही."

अविनाशने कागद दोनदा वाचला आणि सही केली. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर ओंकारच्या मंडळाने चौकात त्याला शाल पांघरली. टाळ्या पडल्या.

त्या कागदाच्या आधारावर जाईबाईंना अटक झाली. वाकडच्या टॉवरमधली त्यांची घरकामं सुटली. घरमालकाने त्यांची भांडी रस्त्यावर ठेवली.

अविनाशची बायको तनुजा हिने शालीचा आणि त्या कागदाचा फोटो फोनवर पाहिला. "काय पाहिलंत तुम्ही डोळ्यांनी? मला टायफॉइड झाला तेव्हा बाई सतरा दिवस माझ्या उशाशी होत्या. कसली लालूच दाखवली त्यांनी? भाताच्या पेजेची?"

"घराचा विचार केला गं. उद्या आपल्याला देशद्रोही म्हटलं असतं."

"देशानं तुमच्याकडं ती म्हातारी मागितली नव्हती! मागितली चार माणसांनी, आणि तुम्ही त्यांनाच देश समजलात. चर्चमध्ये ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही आज्ञा म्हणायची, अन् झेंड्याखाली खोटी साक्ष देऊन शाल घ्यायची? देवालाही फसवलंत, झेंड्यालाही!"

 अविनाश उठला आणि थेट पोलीस ठाण्यात गेला. "साहेब, सही माझी आहे. मजकूर खोटा आहे."

"स्वतःच अडकशील," फौजदार म्हणाले.

"अडकू द्या. लिहून घ्या."

जबाब नोंदला गेला. ओंकारने बोलणं टाकलं. जाईबाईंना जामीन मिळायला आणखी तीन आठवडे लागले. राहायला खोली नव्हती, म्हणून त्या श्रीगोंद्याला बहिणीकडे निघाल्या. अविनाश त्यांना वल्लभनगरच्या एसटी स्थानकावर गाठायला गेला. त्या खंगल्या होत्या, खोकत होत्या.

"तुमी सही केली म्हनले, तवा मला वाटलं, न वाचता केली आसंल," त्या म्हणाल्या.

"वाचून केली, बाई."

जाईबाईंनी त्याच्याकडे एकवार पाहिलं. मग बोचकं उचललं आणि त्या गाडीत चढल्या.

बंधुभगिनींनो, श्रद्धा आणि देशप्रेम एकाच मनात सुखाने नांदतात. त्यांच्यात भांडण लावतो तो दाखला मागणारा, आणि निरपराधाचा बळी देऊन तो दाखला मिळवणारा. उद्या तुमच्या शेजाऱ्याकडे कुणी असा दाखला मागितला, तर शेजाऱ्याच्या बाजूने उभे राहा. आणि उशीर करू नका. अविनाशने केला.