चार वर्षं उशिरा पोचलेला घास

मी एक जुनी पितळी परात आहे. हल्ली काचेच्या कपाटात उभी असते, पण म्हणून मला शोभेची समजू नका. मित्रांनो, मला गोड बोलता येत नाही आणि शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. पण कोण कुणाला पंगतीला घेतो आणि कोण कुणाला उठवतो, हे माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल.

तांबटाने ठोकून ठोकून मला गोल केली आणि राजापूरकडच्या एका गावात ठकूबाईच्या घरी मी नांदायला आले. गावात लग्न निघालं की आधी मला मागायला माणूस यायचा. मग एका वर्षी कुणी फिरकलं नाही. त्याचं असं झालं. गावाने एक घर वाळीत टाकलं होतं. त्या घरात मयत झालं. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्याने कडू घास न्यायचा, ही आपली रीत. एकही शेजारी उठला नाही, तेव्हा ठकूबाई माझ्यात भात भरून ताठ मानेने घेऊन गेली. तेवढ्यासाठी गावाने तिलाही वाळीत टाकलं. दोन वर्षं मी भिंतीला टेकून बसले. तिचा मुलगा भिकू तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याने सगळं पाहिलं. हे ध्यानात ठेवा.

भिकू सुतार झाला. तेलाच्या जोरावर सौदीत शहरं उगवायला लागली, तेव्हा धाहरानजवळच्या एका कॅम्पात सेंटरिंगच्या कामाला गेला. ठकूबाईने मला त्याच्या ट्रंकेत घातली आणि म्हणाली, "एकटा जेवू नको."

तिथे शुक्रवारी दुपारी माझ्यात मटण-भात वाढत आणि आठ माणसं माझ्याभोवती बसत, बहुतेक अरब. त्यांच्यात मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, क्रेनवाला हाशम होता. माझी कल्हई उडाली तेव्हा तो म्हणाला, माझा बाप कल्हईवाला, आण इकडे. त्याने माझ्यात वाळू नि चिंध्या टाकल्या आणि स्वतः आत उभा राहून रवीसारखा घुमायला लागला. अन्नाच्या भांड्यात पाय! मी संतापले, भिकू माझ्याहून जास्त. त्याने हाशमला ढकलून दिलं. हाशम उठला, कपडे झटकले नि म्हणाला, "मी पाय धुऊन उतरलोय. तू हात धुऊन जेवतोस का?" सगळा कॅम्प हसला. त्यांच्याकडे भांडं असंच घासतात. मग मी अशी चकाकले की भिकूने गुपचूप त्याला चहा पाजला.

हाशमच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून एक फोटो होता, त्यांच्या देशाचे अध्यक्ष सादात यांचा. हाशम त्यांच्याबद्दल घरच्या माणसासारखं बोलायचा. नाईलकाठच्या खेड्यातलं पोर, इंग्रजांनी तुरुंगात टाकलेलं, लपूनछपून राहताना ट्रकवर हमाली केलेलं. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनीच त्र्याहत्तर साली रमजानच्या महिन्यात फौज कालव्यापार शत्रूवर घातली. त्या फौजेत हाशम होता. त्याचा धाकटा भाऊही होता. तो तिकडच्या वाळूतच राहिला. लढाईचं सांगायला लागला की सगळे कान देत. मेसचा मुकादम कादिर हाशमपुढे मटणाचा मोठा तुकडा सरकवायचा.

मग सत्त्याहत्तर साल आलं. रेडिओवर बातमी आली की सादात स्वतः उठून जेरुसलेमला गेले, शत्रूच्या संसदेत उभे राहून तहाचं बोलले. झालं! कालपर्यंतचा वाघ आज गद्दार ठरला. ज्या तोंडांनी वाहवा केली तीच तोंडं थुंकायला लागली. आणि ते अध्यक्ष हाताशी नव्हते, म्हणून राग निघाला बिचाऱ्या क्रेनवाल्यावर.

कादिरने सांगितलं, फोटो काढ नाहीतर पंगतीतून ऊठ. हाशम शांतपणे म्हणाला, "भाऊ मी पुरला. तुम्ही नाही." आणि उठला. पत्र्याची एक ताटली घेऊन भिंतीकडे तोंड करून आपल्या खाटेवर बसला.

दोन वर्षांनी तहावर सह्या झाल्या आणि बाकीच्या अरब देशांनी मिसरला वाळीत टाकलं. आमच्या कॅम्पाने तोवर सराव करून ठेवलाच होता. मला राग कॅम्पातल्या अरबांचा नाही आला. त्या शत्रूने दिलेली त्यांची जखम त्यांना ठाऊक. मला राग आला भिकूचा. आईला वाळीत पडलेलं बघितलेला मुलगा तू! पण इकामा, तिथे राहायचा परवाना, कफीलकडे म्हणजे मालकाकडे, आणि कफीलचा कान कादिरकडे, म्हणून हा मान खाली घालून जेवत राहिला. चार वर्षं. दर शुक्रवारी माझ्याकडेला एका माणसाची जागा रिकामी, आणि हा मेला बोटं चाटतोय.

एक्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात, त्याच त्र्याहत्तरच्या लढाईच्या वर्षदिनी, संचलन बघत बसलेल्या सादातना त्यांच्याच शिपायांनी गोळ्या घातल्या. कॅम्पात काहींनी मिठाई वाटली. ते काही देव नव्हते. शेवटी शेवटी त्यांनी विरोधकांना तुरुंगात भरलं, हे हाशमही कबूल करायचा. पण मेल्या माणसावर मिठाई?

हाशमने त्या शुक्रवारी ताटली घेतली नाही. खाटेवर नुसता बसून होता. भात नुकता माझ्यात पडला होता, सात हात पुढे आले होते, आणि भिकूने मला मधूनच उचलली.

"भिकू, परात खाली ठेव," कादिर म्हणाला.

"माझ्या आईची आहे."

"उद्या कामावर नसशील."

भिकू मला घेऊन तसाच खाटेकडे चालत गेला. त्याने मला हाशमच्या पुढ्यात ठेवली आणि मोडक्या अरबीत सांगितलं की आमच्यात सुतकाला शेजारी घास आणतात. हाशमने माझ्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "कल्हई उडालीय हिची." आणि पहिला घास घेतला.

भिकूची नोकरी गेली नाही, पण पंगत गेली. त्यानंतर वर्षभर ते दोघेच जेवले. भिकू गावी निघाला तेव्हा हाशमने मला पुन्हा कल्हई केली. पायांनीच. भिकूने माझ्यात पाणी ओतून दिलं.

लोक म्हणतात, भिकूने मोठं मन दाखवलं. कसलं मोठं? कोणी मेल्यावर घास न्यायचं त्याला आईने शिकवलं होतं. जिवंतपणी न्यायला कोणाची बंदी होती?

आता भिकूची सून नंदा मला चिंचेने घासते आणि पाहुण्यांना दाखवते. घासू नका मला, मित्रांनो. कपाटातून काढा, भात भरा, आणि ज्याच्याशी तुमच्या घराने बोलणं टाकलंय त्याच्या दारात नेऊन ठेवा. त्याच्याकडे मयत होण्याची वाट बघत बसू नका.