गानीचा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुना लाल दिवा आहे. सायकलच्या बैठकीखाली बांधतात ना, अंगठ्याएवढा, तसा. पुढचा रस्ता कसा असतो हे मला ठाऊक नाही, मला फक्त मागचं दिसतं. माझा मालक कुठे निघालाय हे मला कधी कळत नाही. त्याच्या मागे कोण येतंय, हे मात्र मला सगळ्यांच्या आधी कळतं. म्हणून ही गोष्ट मलाच सांगावी लागते आहे. दुसऱ्या कुणी ती पाहिलेलीच नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे आम्ही हजारोंनी एकाच वेळी डोळे उघडले आणि पेटीत मिटले. पुढे फिलिपिन्समधल्या ओलोंगापो गावी एका सायकलच्या दुकानात गानीने मला उचललं. तो पतपेढीत कारकून होता. सुट्टीच्या दिवशी मात्र त्याच्या अंगात वारं संचारत असे. एकाच दिवसात समुद्रात पोहायचं, मग डोळे पांढरे होईपर्यंत सायकल चालवायची आणि वर पुन्हा धावायचं, अशा शर्यतीचं वेड त्याला लागलं होतं. रोज रात्री तो आधी मला चार्जिंगला लावी आणि मग स्वतः जेवायला बसे. माझा पट्टा तुटला तेव्हा त्याने नवा दिवा आणला नाही, पट्ट्याला गाठ मारली. गानीच्या गटाचा सराव घेणारा कुया बर्तिंग (कुया म्हणजे आपला दादाच) सगळ्यांना सांगत असे, "गानीचा दिवा बघा, तीन वळणं आधी दिसतो!" तेव्हा मी जरा जास्तच तेजाने लुकलुकत असे. कौतुक कुणाला आवडत नाही?

त्यांच्यात मिंडा होती. ती औषधाच्या दुकानात काम करायची आणि गानीच्या बरोबरीने सराव करायची. मुलगी गुणी, पण विसरभोळी. एका रविवारी पहाटे निघताना तिचा दिवा लागेचना.

"रात्री चार्ज केला नाहीस ना?" गानी हसला. "तू एक दिवस स्वतःचं डोकंसुद्धा घरी विसरशील. घे, माझा लाव."

"आणि तू रे?"

"मी तुझ्या मागेच आहे. तुझा उजेड मला पुरे."

त्याने मला आपल्या हाताने तिच्या सायकलला बांधलं. घाटातल्या वळणावर त्याची पाण्याची बाटली पडली आणि ती उचलायला तो मागे राहिला. मिंडा पुढे गेली. मागे वळणावर ट्रकचे दिवे आले. अंधारात वाकलेला गानी त्या ट्रकवाल्याला दिसलाच नाही. मिंडाला आवाज ऐकू आला, पण मला सगळं दिसलं. मित्रांनो, पेटलेला असताना मला डोळे मिटता येत नाहीत.

त्या आठवड्यात गानीच्या घरी रोज रात्री लोक शवपेटीपाशी जागत होते. शर्यत तीन आठवड्यांवर होती, म्हणून शनिवार-रविवारचा मोठा सराव मोडायचा नाही, असं बर्तिंगने ठरवलं. गानीलाही तेच आवडलं असतं, असं सगळे म्हणाले. शुक्रवारी रात्री सगळे त्याच्या घरी जाऊन आले. मेलेल्याच्या घरून सरळ आपल्या घरी यायचं नाही, अशी तिथली रीत आहे. वाटेत कुठेतरी थांबायचं, काहीतरी खायचं-प्यायचं. म्हणजे मागे लागलेला जीव तिथेच रेंगाळतो आणि आपल्या उंबऱ्यापर्यंत येत नाही. बाकीचे कोपऱ्यावरच्या खानावळीत पेज प्यायला वळले. मिंडा वळली नाही.

मी अजून मिंडाच्याच सायकलला बांधलेला होतो आणि मागे पाहत होतो. खानावळीचा उजेड लहान होत गेला आणि त्या उजेडातून एक सायकल बाहेर आली. तिला दिवा नव्हता, साखळीचा आवाज नव्हता. चालवणारा थोडा डावीकडे झुकून बसला होता, गानी बसायचा तसा. एरवी आमच्यामागे धावणारी गल्लीतली कुत्री उठली, दोन पावलं आली आणि शेपूट पोटात घालून खाली बसली.

दारात मिंडाची आई, तिची नानाय, उभी होती. "कुठे थांबलीस?"

"कुठेच नाही, नानाय."

"अगं कार्टे! सरळ घरी आलीस? मागे कुणी आलं म्हणजे?"

"येऊ दे," मिंडा म्हणाली. "त्याचा दिवा माझ्याकडे आहे. उजेडाशिवाय तो जाणार कुठे? उद्या त्या वळणावर त्याला देऊन टाकते."

नानायने छातीवर क्रूसाची खूण केली आणि दार लावून घेतलं. फाटकाबाहेर तो उभाच होता. मला चार्ज करायला कुणी आलं नाही. मला काढायचं तर गानीची गाठ सोडावी लागली असती, आणि मिंडाचा हात तिथपर्यंत येऊन मागे जाई. माझ्यात गानीने भरलेला तेवढाच उजेड उरला होता.

शनिवारी पहाटे सगळे जमले. बर्तिंगने नेहमीसारखी चेष्टा सुरू केली. "आज कुणी मागे राहिलं तर तिथेच पुरून येईन..." आणि त्याची जीभच अडखळली. मग तो हळूच म्हणाला, "मिंडा, जमेल ना गं?"

"जमेल."

घाट लागला तसं धुकं उतरलं. पुढच्या सायकली एकेक करून दिसेनाशा झाल्या असाव्यात, कारण त्यांचे आवाज बंद झाले. मागे मात्र तो होता, आमच्या चाकाला चाक भिडेल इतका जवळ. चढावर माणसं धापा टाकतात, पण तो टाकत नव्हता. धुक्याचं पाणी त्याच्या तोंडावरून ओघळत नव्हतं. माझा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडत होता आणि दर लुकलुकीला तो थोडा अधिक जवळ आलेला दिसत होता. तो आपला दिवा परत न्यायला आलाय, हे मला उघड दिसत होतं. त्याने ओढून घेतला तर मिंडा या धुक्यात आंधळ्या पाठीने राहील, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला.

वळणावर लोकांनी लावलेल्या मेणबत्त्यांचा वास आला. माझी शक्ती संपत आली होती. एकदा लुकलुकलो, मग बऱ्याच वेळाने आणखी एकदा. तेवढ्यात खालून ट्रकची घरघर ऐकू आली. गानीने हात पुढे केला. तो माझ्यापर्यंत पोहोचला नाही. तो मला ओलांडून पुढे सरकला, मिंडाच्या शेजारी, रस्त्याच्या बाजूला. आणि मी विझलो.

विझलेल्या दिव्याला दिसत नाही, पण ऐकू येतं. ब्रेक किंचाळले. ट्रक लांबून वळसा घालून पुढे जाऊन थांबला आणि चालक ओरडला, "अहो बाई, जोडीने काय चालवता? जीव नकोसा झालाय का? तो बाहेरच्या बाजूचा दिसला म्हणून वाचलात! सांगा त्याला, दिवा लावायला!"

ट्रक निघून गेला. मिंडा उतरली. तिची पावलं रस्त्यावर मागे-पुढे वाजली, जणू ती कुणाला शोधत होती. मग ती मेणबत्त्यांपाशी बसून मोठ्याने रडली. "गानी, घे ना रे तुझा दिवा. घे आणि जा." तिची बोटं गाठीवर आली, थोडा वेळ थांबली आणि तशीच मागे गेली.

तिला शोधत बर्तिंग परत आला. तिने त्याला सगळं सांगितलं, शुक्रवारी वाटेत न थांबल्याचंही. तो रागावला नाही.

"कुया, घरी जाताना पेज प्यायला थांबू या," ती म्हणाली. "पण त्याला असं तिथे टाकून यायचं?"

"टाकायचं नाही गं. बसवायचं, खाऊ घालायचं. मग आपण उठायचं."

त्या दिवशीचं धावणं कुणी केलं नाही. खानावळीत मिंडाने दोन वाट्या मागवल्या. एक प्यायली आणि उठून निघाली.

घरी तिने सायकल थेट स्वयंपाकघरात आणली आणि गाठ न सोडताच माझी तार भिंतीत खोचली. "आता सायकल काय चुलीवर ठेवणार?" असं नानाय पुटपुटली, पण तिने पीठ चाळायला जागा बदलून घेतली. रात्रभर माझ्यात उजेड भरत गेला. तो गानीचा नव्हता, मिंडाचा होता. मला सुख वाटलं आणि फार वाईटही वाटलं.

रविवारी सकाळी सगळे समुद्रात ठरल्याएवढे पोहले आणि दुपारी सायकलींवरून गानीच्या अंत्ययात्रेला गेले. ते शवगाडीच्या मागे ओळीने, हळूहळू चालले होते. सगळ्यांत शेवटी राहायला मिंडाने मागून घेतलं. भर उन्हात तिने मला लावलं. मी मागे पाहिलं. दफनभूमीपर्यंत मी पाहतच राहिलो. रस्ता रिकामा होता.

मित्रांनो, एक विनंती आहे. रात्री झोपण्याआधी आपला दिवा भरून ठेवत जा. नाहीतर तुमच्यावर जीव असलेलं कुणीतरी पहाटे हसत हसत स्वतःचा काढून तुम्हाला देईल.